बिनानावाची डबी

गेल्या वर्षी माझी भाची चतुर्थीला कळंबला आली, ती तोंडाला ओढणी बांधूनच. आमच्या चिंतामणीचे मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून आत गेल्यावर तिने ओढणी सोडली, तेव्हा दोन्ही गालांवर लाल चट्टे दिसले. लग्न ठरले होते, म्हणून तिने शहरातल्या एका दुकानातून रंग उजळवण्याचे मलम आणले होते. मी डबी मागून घेतली. पांढरी, प्लास्टिकची. वर ना कंपनीचे नाव, ना बॅच क्रमांक.

"पावती?" मी विचारले.

"मामाजी, दोनशे रुपयांच्या डबीची पावती कोण देते?"

तिचा हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर मिळायला कायद्याला बरीच वर्षे लागली आहेत.

आपल्या आजीच्या काळी उटणे, शिकेकाई, मेंदी घरातच कुटली जाई. काही बिघडलेच, तर कोणाला विचारायचे हे ठाऊक असे. कारखान्याचा माल आला आणि करणारा व वापरणारा यांची ओळखच राहिली नाही. १९३० मध्ये सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषधांच्या चौकशीसाठी समिती नेमली. पुढे १९४० चा कायदा आला, पण तो औषधांपुरताच. पावडर आणि स्नो त्यात बसत नव्हते.

अमेरिकेतही तेव्हा वेगळे काही नव्हते. १९३३ च्या सुमारास तिथे पापण्या काळ्या करण्याच्या 'लॅश ल्यूर' नावाच्या रंगाने अनेक बायकांचे डोळे गेले, मृत्यूही ओढवला. सरकारला तो माल बाजारातून उचलता येईना, कारण सौंदर्यप्रसाधने कायद्यात नव्हतीच. ती १९३८ मध्ये आली. आपल्याकडे त्यासाठी १९६२ ची दुरुस्ती व्हावी लागली. तेव्हापासून कायद्याच्या नावातच 'औषधे व सौंदर्यप्रसाधने' असे दोन्ही शब्द आले.

या कायद्यातले कलम २६ फारसे कोणाला माहीत नसते. विकत घेतलेले प्रसाधन ठरलेली फी भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा आणि त्याचा सही केलेला अहवाल मिळवण्याचा हक्क हे कलम साध्या गिऱ्हाइकाला देते. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाप्रमाणे बाधित व्यक्तीलाही फौजदारी न्यायालयात दाद मागता येते.

पण गुन्हेगाराला शिक्षा झाली, तरी औषधपाण्याचा खर्च कोण देणार? त्यासाठी ग्राहक चळवळ उभी राहावी लागली. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि भरपाईसाठी जिल्ह्याच्या ठिकाणीच दाद मागण्याची सोय झाली.

२० जुलै २०२० पासून त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा लागू झाला. सदोष मालामुळे झालेल्या इजेची जबाबदारी कोणाची, हे त्यात स्वतंत्र प्रकरणात सांगितले आहे. माल सदोष असेल किंवा वापराच्या सूचना व धोक्याचा इशारा पुरेसा नसेल, तर उत्पादक जबाबदार. आणि उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर विकणारा जबाबदार! हे वाचले तेव्हा मला ती पांढरी डबी आठवली. बिनानावाचा माल विकणाऱ्याला 'मी थोडाच बनवला?' असे म्हणून सुटता येत नाही. शिवाय आता तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे कळंबच्या माणसाला यवतमाळच्या जिल्हा आयोगात जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.

अर्थात, अंगाला खाज सुटली म्हणून प्रत्येक दावा टिकत नाही. एखादीच्या कातडीला एखादी वस्तू सोसत नाही. केसांच्या रंगाच्या पाकिटावरची 'आधी थोडेसे लावून पाहा' ही सूचना आपण वाचतच नाही. दोष मालाचाच होता, हे दाखवावे लागते.

ते दाखवणे किती मोलाचे असते, हे आपल्या शेजारच्या अकोल्याच्या प्रकरणात दिसले. तिथल्या एकाच कुटुंबातील तिघींची मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांना कारण सापडले, ते त्या वापरत असलेल्या गोरेपणाच्या मलमात. ते तपासल्यावर त्यात पारा निघाला. २०२३ च्या आरंभी ही बातमी वृत्तपत्रांत आली. पारा रंग उजळवतो खरा, पण कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. आपल्या २०२० च्या नियमांनुसार अशा मलमात नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. त्या घरात मलम फेकून दिले असते, तर कारण कदाचित कधीच कळले नसते.

म्हणून मी भाचीची डबी फेकू दिली नाही. पिशवीत बांधून ठेवली. डॉक्टरांनी लघवीची तपासणी सांगितली, तिचा कागद आणि गालांचे तारखेसह फोटो ठेवले. पावती नव्हती, पण मोबाईलवरून पैसे दिल्याची नोंद सापडली. दुकानदार आधी ओळखच देईना, नोंद पाहून खुर्ची पुढे केली. पैसे परत घ्या म्हणाला. भाचीने घेतले नाहीत. आम्ही प्रशासनाकडे अर्ज दिला आहे, उत्तराची वाट पाहतो आहोत.

चट्टे बरेच गेले, लग्नही झाले. परवा ती बाजारातून साबण घेऊन आली. पिशवीतून आधी पावती काढून माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "घ्या मामाजी, मागून घेतली."