आधी किल्ली, मग कुलूप

आमच्या आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक फोटो होता. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, नुकती फुटलेली मिसरूड. तिचा थोरला भाऊ, अण्णा. "अण्णाला क्षय झाला होता," एवढंच ती सांगायची, तेही आवाज खाली करून. १९४४ साली तो गेला. वय बावीस. शेवटचे आठ महिने मळ्यातल्या खोपीत, ताट-तांब्या वेगळा. औषध म्हणजे शेळीचं दूध, अंडी आणि मोकळी हवा. ऐपत असलेले मिरजेला नाहीतर पाचगणीला सॅनेटोरियममध्ये जायचे, पण तिथेही मुख्य उपचार हवा आणि विश्रांती हेच.

काही वर्षांपूर्वी माझ्या फुप्फुसाच्या आवरणात पाणी झालं. निदान : टीबी. सहा महिने गोळ्या घेतल्या, लघवी केशरी झालेली पाहून घाबरलो, बरा झालो. एवढंच! पाकिटावरच्या नावांत एक नाव होतं आयसोनियाझिड. आजारपणात वेळ भरपूर, म्हणून त्याचा इतिहास वाचायला घेतला आणि एका आकड्यापाशी थबकलो. १९१२.

त्या वर्षी प्रागमध्ये हान्स मेयर आणि योसेफ माली या दोन रसायनशास्त्रज्ञांनी हे रसायन बनवलं, त्यावर लिहिलं आणि विषय संपला. ते क्षयाच्या जंतूवर घालून बघावं असं कोणाला सुचलंच नाही. का सुचावं? त्यानंतर थेट चाळीस वर्षांनी, १९५२ मध्ये, रोश, स्क्विब आणि बायर या तीन कंपन्यांना ते जवळपास एकाच वेळी पुन्हा सापडलं. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात ते दिल्यावर अंथरुणाला खिळलेले रुग्ण उठून जेवायला लागले. वॉर्डात नाचणाऱ्या रुग्णांची छायाचित्रं तेव्हा छापून आली होती. आणि रसायन १९१२ पासूनच माहीत असल्यामुळे त्याच्यावर कोणालाच पेटंट घेता आलं नाही. ते स्वस्त राहिलं, त्यामागे हेही एक कारण.

म्हणजे अण्णा खोपीत खोकत होता तेव्हा औषध बत्तीस वर्षांचं झालेलं होतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता गंमत बघा. औषध लाखोंना दिलं जात होतं, पण ते जंतूला नेमकं मारतं कसं हे नीट ठाऊक नव्हतं. १९५४ मध्ये मिडलब्रूक यांना दिसलं, की औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमध्ये बऱ्याचदा कॅटलेज हे एन्झाइम नसतं. (शाळेच्या पुस्तकात आपण त्याला विकर म्हणायचो.) त्यामागचं कॅटजी हे जनुक १९९२ मध्ये सापडलं. आणि १९९४ मध्ये त्याच न्यूयॉर्क शहरात, ब्रॉंक्समधल्या एका प्रयोगशाळेने औषधाचं लक्ष्य दाखवून दिलं : इन्हा नावाचं एन्झाइम. सी व्ह्यूनंतर बेचाळीस वर्षांनी!

क्षयाच्या जंतूभोवती मेणचट भिंत असते. तिच्यासाठी लागणाऱ्या स्निग्धाम्लांच्या लांबलचक साखळ्या वाढवण्यात इन्हाचा हात असतो. आपल्या शरीरात स्निग्धाम्लं बनवण्याचं काम वेगळ्याच घडणीचं एक मोठं प्रथिन करतं, त्यामुळे इन्हावर घाव घातला तरी आपलं ते काम चालू राहतं. आयसोनियाझिड स्वतः मात्र निजलेलं असतं. जंतूत शिरल्यावर जंतूचंच कॅटजी त्याला जागं करतं, मग ते पेशीतल्या एनएडी या रेणूला जोडलं जातं आणि ही जोडी इन्हाच्या खाचेत अडकून बसते. भिंतीचं बांधकाम बंद.

पण जंतूही काही कच्चा नाही. तो बहुतेक वेळा कॅटजीच बिघडवून घेतो. औषध जागंच होत नाही. इन्हा मात्र जशीच्या तशी असते. मग कॅटजीला वगळून थेट इन्हाच्या खाचेत बसेल असा रेणू का शोधू नये? शोध चालू आहे, पण असं औषध अजून उपचारात आलेलं नाही.

मला वाटायचं, कुलूप कळलं की किल्ली सोपी. तसं नाही. १९९५ ते २००१ या काळात ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने जंतूंमधली अशी लक्ष्यं निवडून ६७ मोठ्या चाळण्या लावल्या. पुढे नेण्याजोगे रेणू हाती लागले ते फक्त पाच लक्ष्यांसाठी. परीक्षानळीत एन्झाइमला अडवणारा रेणू जंतूच्या भिंतीतून आत जाईलच असं नाही. आत गेला तरी माणसाला सोसेल असंही नाही. उलट २००५ मध्ये जाहीर झालेलं बेडाक्विलीन आधी जिवंत जंतूंवर चाचपून सापडलं. ते कोणत्या एन्झाइमला धरतं हे मागाहून उमगलं. पुन्हा आधी किल्ली, मग कुलूप.

तरीही कुलूप माहीत असण्याचा एक फायदा आहेच. औषध का हरलं ते कळतं, आणि पुढची किल्ली कशी घासायची तेही. १९५२ मध्ये हे शक्य नव्हतं.

असो. मी कोणाला दोष देत नाही. प्रागच्या त्या दोघांनी आपलं काम चोख केलं होतं. पण एखाद्या प्रयोगशाळेच्या फडताळातली धूळ खाणारी बाटली दिसली, की मला ट्रंकेतला तो फोटो आठवतो. त्यातलं कोणी कशावर टाकून पाहिलंय का, असं विचारावंसं वाटतं.