तीन सह्या

आमच्या घरच्या जमिनीच्या कागदांवर तीन पिढ्या उमटल्या आहेत. आजोबांचा अंगठा, वडिलांची उर्दूतली सही आणि आमची मराठीतली. दापोलीकडच्या खाडीकाठच्या पुष्कळ मुसलमान घरांत असेच कागद निघतील.

रत्नागिरी जिल्ह्यातले मुसलमान पी अँड ओ कंपनीच्या आगबोटींवर डेकचे खलाशी म्हणून जात. आजोबा त्यांतलेच. ते पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेत, आजी ते दुसऱ्याकडून वाचवून घेई. नवरा-बायकोची गोष्ट आधी गावाला कळे, मग आजीला!

शिक्षणाची हाक तोवर कुणी दिलीच नव्हती असे नाही. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजींनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली, तेव्हा त्यांच्या साथीला असलेले नाखुदा महंमद अली रोगे आपले कोकणीच होते. १८८० साली शाळा निघाली. आमच्या खाडीपर्यंत ती हाक पोचायला मात्र आणखी दोन पिढ्या गेल्या. उशिरा का होईना, पोचली. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती, राज्याच्या ७६.९ हून थोडी अधिकच.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि वडील आखातात गेले. त्यांच्या पैशांवर आम्ही भाऊ मराठी शाळेतून मुंबईच्या कॉलेजात पोचलो आणि तिथून पुढे परदेशी. गावात दुमजली घर झाले. त्यात वडील गेले, आणि आता आई राहते.

'शिकले आणि आईबापांना विसरले' असे लोक म्हणतात. आम्हांला ते अर्धेच पटते. शिक्षणाने आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन वेळेवर झाले, औषधाला पैसा कमी पडला नाही. आणि पूर्वीचे एकत्र कुटुंब म्हाताऱ्यांना सांभाळी म्हणजे खरे तर सुना सांभाळीत. त्यांना कुणी विचारले नव्हते. २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा आला. त्यात महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार रुपये मिळण्याची सोय झाली. आईने रुपये कधी मागितलेच नाहीत.

वडिलांची आखातातली पत्रे तिने पत्र्याच्या पेटीत ठेवली आहेत. सगळी उर्दूत. तिची नजर आता अधू, आणि आम्हां पदवीधरांना ती लिपी येत नाही. सातवीनंतर उर्दू शाळेतून काढून घरी बसवलेली आमची बहीण शेजारच्या गावात दिली आहे. दर जुम्याला ती येते, आईच्या गोळ्या डब्यात भरते आणि एक पत्र वाचून दाखवते.