आधी घड्याळ, मग स्क्रिप्ट

ऑटोमेशन सर्व्हर टाकला की पहिली स्क्रिप्ट चालवायची घाई होते. मंडळी, थांबा! आधी त्याचं घड्याळ बघा. हा घोळ वऱ्हाडात कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी येऊन गेलाय.

सूर्याच्या हिशेबाने अकोला अमरावतीच्या साधारण 3 मिनिटं मागे. बैलगाडीच्या काळात कोणाला फरक पडत होता? पण 1867 मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचला आणि टाइमटेबल आलं. गावागणिक वेगळी वेळ धरून गाड्या कशा चालणार? मग रेल्वेने मद्रासची वेळ धरली. ती अकोल्याच्या सूर्यापेक्षा सुमारे 13 मिनिटं पुढे! आजची भारतीय प्रमाणवेळ आली ती 1 जानेवारी 1906 पासून.

क्रॉन काय किंवा जेनकिन्स काय, ही त्या टाइमटेबलचीच नातवंडं. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतात, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. रात्री 2 ला लावलेला बॅकअप आपल्याकडे सकाळी साडेसातला सुटतो. जिनिंगच्या सीझनमध्ये ऐन आवक सुरू होताना डेटाबेस जाम झाला तर व्यापारी कोणाला फोन करणार? तुम्हालाच ना!

जेनकिन्समध्ये शेड्यूलच्या पहिल्याच ओळीत टाइमझोन देता येतो. तिथे एशिया/कोलकाता टाका, एक फुटकळ जॉब लावून लॉगमधली वेळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघा. जुळली? आता खुशाल लिहा स्क्रिप्ट.