थांबण्याचं कौशल्य

गास्ताँ प्लाँते यांनी 1859 मध्ये शिसे-आम्ल बॅटरी तयार केली, तेव्हापासून ती भरण्यापेक्षा भरणं वेळेवर थांबवणंच अवघड राहिलं आहे. 1912 मध्ये कॅडिलॅकने मोटारीला विजेचा स्टार्टर दिला; हँडल मारणं सरू लागलं, पण बॅटरी रोजच्या काळजीची वस्तू झाली. आपल्याकडे ही काळजी चार्जिंगच्या दुकानांतले कारागीर वाहत. बुचं उघडून, हायड्रोमीटरवर आम्लाची घनता 1.26 च्या आसपास आलेली पाहून ते करंट तोडत. माझ्या मते खरी विद्या तीच. स्मार्ट चार्जर ती व्होल्टेज मोजून पाळतो: 12 व्होल्टच्या बॅटरीला साधारण 14.4 पर्यंत नेतो, मग 13.5 च्या आसपास उतरून नुसती राखण करतो.

साधा चार्जर आणि घड्याळ पुरेल, असं कुणी म्हणेल. बुचांच्या बॅटरीला, लक्ष ठेवणारा माणूस असेल तर, ते पुरतंही. जास्त चार्ज होऊन उडालेलं पाणी डिस्टिल्ड वॉटरने भरता येतं. सीलबंद बॅटरीत ती सोय नाही, आणि महिनोन्महिने उभ्या गाडीत बॅटरी उतरली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. म्हणून चार्जर घेताना अँपिअरच्या आकड्याआधी तो किती व्होल्टला थांबतो, आणि एजीएम (सीलबंद बॅटरीचा एक प्रकार) किंवा लिथियम बॅटरीसाठी वेगळी सोय देतो का, हे पाहावं.