हनुक्काच्या आठ भेटी आणि एक काठी

अमेरिकेतल्या आपल्या घरांत हनुक्काच्या आठ रात्री म्हणजे आठ भेटी, असे मुले धरूनच चालतात. ही चाल फार जुनी नाही. युरोपातल्या यहुदी मुलांच्या हाती या सणाला चार नाणी पडत. भेटवस्तूंची रीत अमेरिकेत, नाताळाच्या शेजारी, वाढली. आणि कोकणातल्या आपल्या पूर्वजांना तर कित्येक शतके हनुक्काच ठाऊक नव्हता! त्यांची मुले शेजारपाजारच्या मुलांचेच खेळ खेळत: विटीदांडू, भोवरा, करवंट्यांची भातुकली.

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला, स्ट्राँग संग्रहालयात, नामवंत खेळण्यांचे दालन आहे. १९९८ च्या पहिल्याच यादीत बार्बी होती. ती बाजारात आणणारी रूथ हँडलर पोलंडहून आलेल्या यहुदी घरातली. पण त्याच दालनात २००५ साली पुठ्ठ्याचे खोके आले आणि २००८ साली चक्क काठी.

हे ऐकून नातू म्हणाला, "आजोबा, काठीशी काय खेळायचं?" मी मागच्या अंगणात एक फांदी तासली. त्याचा पहिलाच टोला शेजाऱ्यांच्या कुंडीत गेला. सातव्या रात्रीची भेट अजून कागदातच आहे.