ऑनलाइन रोलप्लेइंग गेमसाठी खेळाडू कसे निवडतात?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. यात एक जण, म्हणजे डन्जन मास्टर, गोष्ट पुढे नेतो. बाकीचे एकेक पात्र होऊन खेळतात आणि पात्राला काय जमलं, काय फसलं हे फासे ठरवतात. पूर्वी टेबलाभोवती मित्रच जमायचे. आता रोल२० किंवा डिस्कॉर्डवर अनोळखी लोकही एकत्र खेळतात. जागा मात्र चार-पाचच असतात, म्हणून अर्ज मागवले जातात.

जाहिरातीत काय हवं?

नियमांची कोणती आवृत्ती, किती जागा, बोलून खेळायचं की लिहून, गोष्ट गमतीची की भयकथा, वयाची अट आणि अर्जाची शेवटची तारीख. वेळ टाइमझोनसह द्यावी. हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये शुक्रवारी रात्री ८ वाजता सुरू होणारा खेळ आपल्याकडे शनिवारी पहाटे ६:३० ला सुरू होतो. उन्हाळ्यात ५:३० ला!

अर्जात काय पाहतात?

पात्राच्या गुणांच्या आकड्यांवरून फारसं कळत नाही. पाचव्या आवृत्तीच्या पॉइंट-बाय पद्धतीत सगळ्यांना सारखेच २७ पॉइंट मिळतात. खरा फरक पूर्वकथेत दिसतो. पहिल्या लेव्हलच्या पात्राने आधीच दहा ड्रॅगन मारले असतील, तर ते जुळत नाही. 'कुणावर विश्वास नसलेला एकटा' हे पात्र वाचायला भारी वाटतं, पण तो इतरांसोबत जाईलच कशाला? त्यापेक्षा हरवलेली बहीण किंवा डोक्यावरचं कर्ज असं काही अर्धवट राहिलेलं असेल, तर मास्टरला गोष्टीसाठी धागा मिळतो.

अर्ज नाकारला तर?

तो वाईटच होता असं नाही. कधी चोराची पात्रं तीन येतात आणि जखमा भरणारं एकही नसतं. मास्टरनेही सगळ्यांना दोन ओळींचं उत्तर द्यावं. नाहीतर लोक आठवडाभर वाट पाहत बसतात.

निवडीनंतर 'सेशन झिरो' घेतात. त्यात खेळ नसतो. कोणते विषय नकोत, कुणी गैरहजर राहिला तर काय करायचं, हे तिथे ठरतं.

तीन पानी पूर्वकथा लिहून दुसऱ्या आठवड्यात गायब होणाऱ्यापेक्षा दहा ओळी लिहून दर आठवड्याला वेळेवर येणारा खेळाडू बरा. कारण एक जण निघून गेला, की बाकीच्यांची गोष्टही अर्ध्यावरच अडकते.