तळटीप : ‘रॉक मशीन’ची पहिली कॅसेट

१४. ‘यवतमाळात हातोहात फिरलेली ती इंग्रजी कॅसेट’ : मुंबईच्या ‘रॉक मशीन’चा १९८८चा पहिला अल्बम, ‘रॉक अँड रोल रेनेगेड’. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. आपल्याकडच्या बँडांनी परदेशी गाणीच वाजवायची, असा तेव्हा रिवाज होता. यांनी स्वतःची गाणी बाजारात आणली, हे धाडस मोठंच. आज ऐकताना मात्र पाश्चात्त्य हार्ड रॉकची छाप जागोजागी जाणवते. (लेखक इथे जुन्या प्रेमापोटी जरा उदार झाला आहे.) १९९३मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं. पुढे तो विखुरला, २०१०मध्ये पुन्हा जमला. २०१२मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला. वाचकांनी पहिला आणि हा, असे दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकावेत.